कुंड्या आणि मांजरे एकाच खोलीत: उन्हाळ्यात घरातील झाडे कशी राखावीत?

प्रश्न: ओसरी, भुसावळ

नमस्कार. भुसावळच्या उन्हाळ्याबद्दल खानदेशातील वाचकांना वेगळे सांगायला नको. चैत्र सरत आला की गच्चीवरच्या नाजूक कुंड्या तग धरत नाहीत, म्हणून दर वर्षी आम्ही त्या खाली आणून कूलर असलेल्या मोठ्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीपाशी मांडतो. अरेका पाम, स्पायडर प्लांट, स्नेक प्लांट, कोरफड, डिफेनबाकिया, एक मनीप्लांट कुंडीत आणि एक काचेच्या बाटलीत, शिवाय पुदिना व कोथिंबिरीच्या पसरट कुंड्या, एवढा सगळा पसारा त्या खिडकीपाशी असतो. बरीचशी झाडे सासऱ्यांनी हौसेने वाढवलेली आहेत आणि त्यांचा त्यांच्यावर फार जीव आहे.

यंदा त्याच खोलीत आमची मनी आणि तिचा पाच-सहा महिन्यांचा बोकाही राहतो, आणि तिथून अडचण सुरू झाली. मनी दुपारभर अरेकाच्या कुंडीत, खोडाला पाठ लावून बसते. तिच्या वजनाने कडेचे कोवळे फुटवे मोडून गेले आहेत. बोका स्पायडर प्लांटची लांब पाने टोकाकडून कुरतडतो आणि मग फरशीवर हिरवी उलटी करतो. पुदिन्याच्या कुंडीत माती उकरलेली असते आणि तिथे विष्ठाही सापडते. बाटलीतला मनीप्लांट तर त्याने ओढून फोडलाच.

सासूबाईंचे म्हणणे असे की दुपारी मांजरांना अंगणात सोडून दार लावून घ्यावे. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर असताना मुक्या जिवांना बाहेर काढणे मला पटत नाही, आणि सासऱ्यांची झाडे डोळ्यांदेखत जावीत हेही पटत नाही. दोघांनाही त्याच खोलीत ठेवून झाडे कशी वाचवता येतील? ज्यांच्याकडे मांजरेही आहेत आणि कुंड्याही, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर: बागप्रेमी, जळगाव

ताई, आपण लिहिलेल्या तक्रारी एकाच खोडीच्या नाहीत. कुंडीत बसणे, कुंडीत उकरणे आणि पाने खाणे ही मांजराची तीन निरनिराळी कामे आहेत, तिन्हींची कारणे निराळी आहेत, आणि म्हणूनच एकच उपाय सगळ्या कुंड्यांना लावला की तो निम्म्या ठिकाणी फसतो. बसणे आणि उकरणे यांबद्दल मी लिहितो; पाने खाण्याबद्दल अधिक जाणकार लिहितीलच.

मनी अरेकात बसते ती गारव्यासाठी. पाणी घातलेल्या मातीतून सतत बाष्पीभवन होत असते, त्यामुळे माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने कुंडीतली माती खोलीतल्या फरशीपेक्षा थंड राहते. मांजराला घाम येतो तो मुख्यतः पायांच्या गाद्यांना, अंगाला नव्हे. त्यामुळे आपल्याकडच्या वैशाखात ते अशी ओलसर, मऊ आणि एका बाजूने आडोसा असलेली जागा बरोबर हेरते. तिला तिथून दहा वेळा उठवले तरी ती अकराव्यांदा तिथेच जाईल. याउलट तिला तेवढीच गार जागा दुसरीकडे मिळाली तर ती कुंडीचा नाद आपोआप सोडते. फुटलेल्या माठाचा खालचा अर्धा भाग घ्यावा, कडा दगडावर घासून बोथट कराव्यात, आत ओलसर वाळूचा थर भरावा आणि वर ओले करून घट्ट पिळलेले गोणपाट अंथरून त्याच्या कडा आत खोचाव्यात. गोणपाट हवेच, कारण वाळू उघडी राहिली तर तिचा उपयोग भलत्याच कामासाठी होईल. हे बूड अरेकाच्या कुंडीला लागूनच ठेवावे, कूलरचा थेट झोत लागणार नाही अशा बेताने. सकाळी एकदा आणि दुपारी जेवणानंतर एकदा गोणपाट ओले केले की पुरते. मांजराला जागेची सवय असते, म्हणून नवी जागा जुन्या जागेच्या शेजारीच असावी. खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवली तर तिकडे ते फिरकणारही नाही.

उकरण्याचे कारण निराळे. विष्ठा मातीत पुरणे हा मांजराचा उपजत स्वभाव आहे आणि भुसभुशीत, कोरडी-ओलसर माती त्याला सर्वांत सोयीची वाटते. तेव्हा एकीकडे कुंडीची माती गैरसोयीची करावी आणि दुसरीकडे सोयीची जागा द्यावी. यातले पहिलेच करून भागत नाही. दुसरे न केल्यास ते मांजर कुंडी सोडून गादीकडे वळते, आणि तो त्रास मोठा.

माती झाकण्यासाठी नदीपात्रातले गुळगुळीत गोटे उत्तम. ते लिंबाएवढे तरी असावेत, कारण बारीक खडी मांजर मातीसारखीच उकरून बाहेर फेकते. गोट्यांचा थर एकच द्यावा आणि खोडाभोवती बोटभर जागा मोकळी सोडावी, नाहीतर बुंध्याशी ओल साचून खोड कुजते. गोटे घातले की वरून मातीची ओल दिसत नाही, आणि अंदाजाने पाणी घालण्यात झाडे मांजरापेक्षाही जास्त मरतात. म्हणून तुरीची एक सरळ काडी कुंडीत तळापर्यंत खोचून ठेवावी, पाणी घालण्याआधी ती उपसून पाहावी, आणि काडीला ओली माती चिकटून आली तर त्या दिवशी पाणी घालू नये.

पुदिना-कोथिंबिरीवर गोटे ठेवता येणार नाहीत. तिथे कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षट्कोनी जाळी वापरावी. कुंडीच्या तोंडापेक्षा बोटभर मोठे वर्तुळ कापावे, वाढलेली कड खाली दुमडावी म्हणजे तारेची टोके कोणाला लागत नाहीत, आणि जाळी मातीच्या वर न ठेवता साधारण इंचभर खाली पुरावी. रोपे जाळीच्या भोकांतून सहज वर येतात, मात्र मांजराने पंजा मारला की नख तारेला लागते आणि उकरण्यातली मजाच जाते. खोड असलेल्या झाडासाठी वर्तुळाला कडेपासून मध्यापर्यंत एक चीर द्यावी आणि जाळी खोडाभोवती गळ्यातल्या सरीप्रमाणे बसवावी.

दुसरी गोष्ट म्हणजे मांजरांसाठी वाळूची जागा. बांधकामाचे पसरट घमेले चांगले उपयोगी पडते. त्यात चाळलेली बारीक वाळू दोन-तीन इंच भरावी. जितकी मांजरे त्यापेक्षा एक जागा जास्त, हा सर्वमान्य हिशेब आहे, म्हणजे आपल्याकडे तीन घमेली हवीत. ती अन्नपाण्याच्या भांड्यांजवळ ठेवू नयेत, एकाच कोपऱ्यात रांगेनेही ठेवू नयेत, आणि रोज साफ करावीत. घमेले अस्वच्छ राहिले की मांजर कुंडीकडे परत जाते, यात त्याचा दोष नाही.

उत्तर: पांझरा, धुळे

एवढा खटाटोप करण्याची गरज मला वाटत नाही. आमच्याकडे पूर्वापार कुंडीच्या मातीवर लाल तिखट भुरभुरतात, कडेने दोन-चार डांबरगोळ्या ठेवतात आणि फरशी फिनाईलने पुसतात. मांजराला हे तिन्ही वास सोसत नाहीत व ते जवळ येत नाही. संत्र्याची साले टाकली तरी चालतात. खर्च नाही, मेहनत नाही. करून पाहावे.

उत्तर: पशुवैद्य, शहादा

ताई, वरच्या उत्तरातील तिखट, डांबरगोळ्या आणि फिनाईल यांपैकी काहीही कृपया वापरू नये. पांझरा यांचा हेतू चांगला आहे आणि हे उपाय घरोघरी सांगितले जातात हेही खरे, पण या उपायांनी अत्यवस्थ झालेली मांजरे माझ्यासारख्यांच्या टेबलावर येतात, म्हणून स्पष्ट लिहिणे भाग आहे.

मांजर दिवसातून अनेक वेळा पंजे आणि अंग चाटून स्वच्छ करते. त्यामुळे जे फरशीवर किंवा मातीवर आहे ते थोड्या वेळाने त्याच्या पोटात जाते. तिखट पंजाला चिकटते, तोच पंजा तोंडावरून फिरतो आणि डोळ्यांची भयंकर आग होते. डांबरगोळ्यांतील नॅप्थलीन रक्तातील तांबड्या पेशी आणि यकृत यांना घातक आहे. फिनाईलचा प्रश्न तर याहून खोल आहे. फिनॉल जातीची रसायने शरीराबाहेर टाकण्यासाठी माणसाच्या आणि कुत्र्याच्या यकृतात जी व्यवस्था असते, ती मांजरात जवळजवळ नाही. याच कारणामुळे तापावरची साधी पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे, कारण मांजर गरम लागले म्हणून अर्धी गोळी दुधातून देणारी माणसे पुष्कळ आहेत. संत्र्याची ताजी साले इतकी घातक नाहीत, पण त्यांचा वास एक-दोन दिवसांत उडतो, मग साले बुरसतात आणि मातीत चिलटे होतात. संत्र्या-लिंबाचे बाटलीतले सुगंधी तेल मात्र मांजराच्या जवळपासही नको.

आता पाने खाण्याबद्दल. झाडे मांजरापासून वाचवण्याचा विचार आपण करत आहात. काही झाडांच्या बाबतीत मांजराला झाडापासून वाचवणे जास्त निकडीचे असते. आपल्या यादीतली अरेका पाम आणि स्पायडर प्लांट ही दोन्ही झाडे मांजराला विषारी नाहीत. बोक्याला उलटी होते ती पानातील तंतू पचत नाहीत म्हणून, आणि ती बहुधा निरुपद्रवी असते. डिफेनबाकिया आणि मनीप्लांट मात्र अळूच्या कुळातले आहेत. नीट न शिजलेले अळू खाल्ले की घसा खवखवतो, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. तेच स्फटिक या दोन्ही झाडांत आहेत, शिवाय मॉन्स्टेरा, फिलोडेन्ड्रॉन, सिंगोनियम, अ‍ॅग्लोनेमा, अँथुरियम आणि झेडझेड प्लांट यांतही आहेत. मांजराने असे पान चावले की लाळ गळते, ते पंजाने तोंड ओरबाडते, खाणे सोडते. जीव जाण्याची वेळ सहसा येत नाही, पण वेदना खरी असते आणि जीभ किंवा घसा सुजला तर श्वासालाही अडचण होते. स्नेक प्लांट आणि कोरफड यांनी उलट्या-जुलाब होतात. तेव्हा ही चार झाडे मांजर चढू शकणार नाही अशा ठिकाणी हलवावीत. मोठे मांजर जागच्या जागी उभे राहून पाच फुटांपर्यंत सहज उडी मारते, म्हणून साधे टेबल किंवा खिडकीची चौकट हे काही उंच ठिकाण नव्हे.

आपल्या यादीत नसलेली, पण आपल्याकडच्या घरांत येणारी काही झाडे याहून कितीतरी भयंकर आहेत. लग्नसराईत पुष्पगुच्छातून जी मोठी, सुवासिक लिली घरात येते तिचे पान, पाकळी, परागकण, इतकेच नव्हे तर फुलदाणीतले पाणीसुद्धा मांजराचे मूत्रपिंड एक ते तीन दिवसांत निकामी करू शकते. अंगावर सांडलेले पराग चाटणेही पुरते. ज्या घरात मांजर आहे त्या घरात ही फुले येऊच देऊ नयेत. पांढऱ्या पात्यासारखे फूल येणारी पीस लिली ही त्या वर्गातली नव्हे. ती अळूच्या कुळातली असून तिचा त्रास वर सांगितल्यासारखाच आहे. बंगल्यासमोर शोभेला लावतात ते सायकस, म्हणजे सागो पाम, यकृत नासवते आणि त्याच्या बिया सर्वांत विषारी असतात. कण्हेर, पिवळी कण्हेर आणि अ‍ॅडेनियम हृदयावर परिणाम करतात. सातपुड्याच्या पायथ्याला पावसाळ्यात कुंपणावर चढलेली कळलावी फुलांसाठी कंद आणून कुंडीत लावणारे लोक मी पाहिले आहेत; तिचा प्रत्येक भाग, विशेषतः कंद, जीवघेणा आहे.

आणि एक गोष्ट जी शहरी माहितीपत्रकांत सापडत नाही, पण आपल्या कापूस-केळीच्या मुलखात सांगावीच लागते. शेतातले उरलेले दाणेदार कीटकनाशक चिमूटभर कुंडीत टाकण्याची सवय बऱ्याच घरांत आहे. फोरेट या अशाच एका दाणेदार कीटकनाशकाच्या विक्रीवर आणि वापरावर २०२० सालच्या अखेरीपासून देशात बंदी आहे, तरी जुन्या पिशव्या कोठीत पडून असतात. अशा कुंडीची माती उकरून मांजराने पंजे चाटले तर लाळ, थरथर, बारीक झालेल्या बाहुल्या, झटके आणि मृत्यू हा प्रवास काही तासांचा असतो. एरंडीची पेंड खत म्हणून घातली असल्यास तीही धोक्याची, कारण तिच्यात रायसिन हे विष उरू शकते. मांजर असलेल्या घरात कुंडीला शेणखत किंवा गांडूळखत घालावे. कुंडीखालच्या ताटलीत साचलेले पाणी मांजरे आवडीने पितात आणि त्यात विरघळलेली खते असतात, म्हणून पाणी घातल्यानंतर ताटली रिकामी करावी.

मांजराने काही खाल्लेले दिसले तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये, दूध-तूपही पाजू नये. तोंडात पानाचे तुकडे असतील ते काढावेत, खाल्लेल्या झाडाची फांदी पिशवीत घालून सोबत घ्यावी आणि लगेच पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. लिलीच्या बाबतीत लक्षणांची वाट पाहणे म्हणजे वेळ घालवणे होय. पहिल्या अठरा तासांत सलाईन सुरू झाले तर मूत्रपिंड वाचण्याची आशा चांगली असते, नंतर ती झपाट्याने घटते.

बोका पाच-सहा महिन्यांचा आहे, म्हणून हेही पाहावे. तो कुंडीकडे पाठ करून, शेपटी ताठ थरथरवत उभ्याने मूत्राची चिळकांडी उडवत असेल तर ती वाळू न मिळाल्याची तक्रार नव्हे, तो वयात येऊन हद्द आखू लागला आहे. त्यावर गोटे आणि जाळी चालत नाहीत. या वयात नसबंदी करून घेतली तर ही सवय बहुतेक वेळा सुटते. मूत्र पडलेल्या कुंडीची वरची दोन-तीन इंच माती काढून टाकावी आणि उरलेल्या मातीतून भरपूर पाणी वाहू द्यावे, नाहीतर मुळे करपतात.

उत्तर: पांझरा, धुळे

डॉक्टर, पॅरासिटामॉल आणि फिनाईल यांचा संबंध प्रथमच कळला. घरी डांबरगोळ्या उचलून घेत आहोत. धन्यवाद.

उत्तर: शेतमळा, चोपडा

डॉक्टरांनी विषारी झाडांचे सांगितले आहेच. बोक्याच्या चघळण्याबद्दल मी एक साधी गोष्ट सुचवतो. गवत खाणे हा मांजरांचा स्वभावच आहे, रानातली मांजर-कुळातली जनावरेही गवत खातात. घरात गवत नाही म्हणून आपला बोका स्पायडर प्लांटला गवत समजतो. त्याला त्याच्या मालकीचे गवत द्यावे. नवरात्रात घटाभोवती आपण जसे धान्य पेरतो अगदी तसेच, पसरट परळात माती घेऊन त्यावर रात्रभर भिजवलेले गहू दाट पसरावेत, वर मातीचा हलका थर द्यावा आणि सावलीत ठेवून पाणी शिंपडत राहावे. आठवड्याभरात चार-पाच बोटे उंचीचे कोवळे गवत तयार होते. दर आठवड्याला एक नवे परळ पेरत गेले की उन्हाळ्यात खंड पडत नाही. परळ जड असावे, कारण गवत ओढताना हलके भांडे मांजरासोबत फरफटत येते.

गहूच घ्यावेत किंवा सातू घ्यावेत, ज्वारी मात्र घेऊ नये. आपल्याकडे प्रत्येक घरात ज्वारी असते, म्हणून ती पेरावीशी वाटणे साहजिक आहे. परंतु कोवळ्या ज्वारीत सायनाइड तयार करणारे द्रव्य असते आणि त्यामुळेच लहान ज्वारीत शिरलेली गुरे दगावतात, हे खानदेशातल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. गाईला जे मारते ते मांजराला घालून पाहण्याचे कारण नाही. बियाण्याच्या दुकानातला, औषध चोळलेला गहूही घेऊ नये. खाण्याच्या कोठीतला घ्यावा.

पावसाळा सुरू झाल्यावर झाडे परत गच्चीवर जातील तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात येईल. ज्या कुंड्यांत खोकली, म्हणजे काही जण जिला कुप्पी म्हणतात ते तण उगवते, त्या कुंड्या मांजरे मुद्दाम उपसतात. या तणाच्या मुळाच्या वासाने मांजराला एक प्रकारची धुंदी चढते. ते मूळ उपटते, त्यावर लोळते, अंग घासते. झाडाशी त्याचे काही वैर नसते, झाड मधल्या मध्ये जाते. तण लहान असतानाच मुळासकट काढून घरापासून दूर टाकले की तो उपद्रव थांबतो. ते मांजराला खेळायला म्हणून देऊ नये, कारण त्यातही बाधणारी द्रव्ये आहेत.

झाडे टांगण्याबद्दल माझे मत असे की जुन्या धाब्याच्या घरांची सोय नव्या घरांत नाही. ज्यांच्याकडे अजून लाकडी सर, म्हणजे छताच्या आडव्या तुळया आहेत, त्यांनी झोक्याच्या कड्यांचा उपयोग करावा. मनीप्लांट आणि डिफेनबाकियासाठी त्यापेक्षा चांगली जागा नाही. नव्या घरात छताला पंख्यासारखाच पक्का हूक बसवून घ्यावा, भिंतीतल्या खिळ्यावर ओल्या मातीचे वजन तोलू नये. टांगलेली कुंडी खिडकी, कपाट किंवा पलंगाच्या पाठीपासून हातभर तरी दूर असावी आणि वेलाची टोके खाली लोंबू देऊ नयेत, कारण लोंबणारी वेल पाहून बोका तिच्यावर झेप घेणारच. बाटलीतला मनीप्लांट पुन्हा लावायचा असेल तर काचेऐवजी जड बुडाची चिनी मातीची बरणी घ्यावी. हलक्या प्लास्टिक कुंड्या मोठ्या मातीच्या कुंडीत बसवून मधली पोकळी गोट्यांनी भरावी, म्हणजे त्या उलटत नाहीत.

खिडकीशेजारी एक उभा ओंडका सुतळीने घट्ट गुंडाळून भिंतीला बांधून ठेवावा. मांजराला नखे घासायला खोड लागते. ओंडका मिळाला तर अरेकाचे खोड सुटते. आणि संध्याकाळी घरातल्या एखाद्या मुलाने काडीला चिंधी बांधून बोक्याला दमेपर्यंत खेळवावे. दमलेला बोका रात्री कुंड्यांकडे पाहत नाही.

प्रश्नकर्ती: ओसरी, भुसावळ

सर्वांचे मनापासून आभार. माठाचे बूड आणि गोणपाट यांची व्यवस्था आज केली. मनीने त्याचा वास घेतला, एक पाय ठेवून काढून घेतला, पुन्हा ठेवला, आणि दुपारी ती त्यातच झोपली होती. सासूबाईंनीच ते मला दाखवले. डिफेनबाकिया सासऱ्यांनी शेजारच्यांना, ज्यांच्याकडे मांजर नाही, देऊन टाकला.

डॉक्टर, एक प्रश्न उरला आहे. माझी नणंद बाळंतपणासाठी माहेरी आली असून तिला पाचवा महिना आहे. पुदिन्याच्या कुंडीत मांजराची विष्ठा सापडत होती हे मी लिहिलेच आहे. शेजारी म्हणतात की गर्भवती असलेल्या घरात मांजर ठेवूच नये. हे कितपत खरे आहे, आणि त्या कुंडीचे काय करावे?

उत्तर: पशुवैद्य, शहादा

शेजाऱ्यांची काळजी निराधार नाही, मात्र तिचा निष्कर्ष चुकीचा आहे. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक परजीवी मांजराच्या विष्ठेतून सूक्ष्म बीजांडांच्या रूपात बाहेर पडतो आणि गर्भारपणात त्याची लागण प्रथमच झाली तर बाळाला इजा होऊ शकते. परंतु मांजर ही बीजांडे आयुष्यात बहुधा एकदाच, पहिल्या लागणीनंतर एक-दोन आठवडेच टाकते, आणि ताजी विष्ठा लगेच संसर्गजन्य नसते. त्याला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून वाळूचे घमेले रोज साफ होत असेल तर धोका पुष्कळ कमी होतो. मांजराला हात लावल्याने किंवा ते मांडीवर बसल्याने लागण होण्याची शक्यता अत्यल्प आहे. ही लागण अर्धवट शिजलेल्या मांसातून आणि न धुतलेल्या भाजीपाल्यातूनही होते, याकडे मात्र घरोघरी दुर्लक्ष होते.

धोका आहे तो मातीत, कारण तिथे ही बीजांडे महिनोन्महिने टिकतात. म्हणून पुदिन्याच्या त्या कुंडीतला पुदिना आता कोणीही खाऊ नये. माती घरातल्या दुसऱ्या कोणी हातमोजे घालून पिशवीत बांधून टाकावी, कुंडी उकळत्या पाण्याने धुवावी, आणि नवी माती व नव्या काड्या लावून वर जाळी पुरावी. कोथिंबिरीच्या कुंडीत विष्ठा सापडली नसली तरी ती शेजारीच होती, म्हणून तिचेही तेच करावे. नणंदेने बाळंतपण होईपर्यंत घमेल्याला आणि कुंड्यांच्या मातीला हात लावू नये, भाजी वाहत्या पाण्याखाली नीट धुतलेलीच खावी, आणि पुढच्या तपासणीच्या वेळी तिच्या डॉक्टरांना घरात मांजरे असल्याचे व कुंडीचा हा प्रकार सांगावा. रक्ताची तपासणी करायची का, हे ते ठरवतील. मनी आणि बोका यांना कच्चे मांस घालू नये आणि या काळात उंदीर-पाखरे धरायला बाहेर सोडू नये, कारण त्यांना लागण होते ती तिथूनच. दुपारी अंगणात न सोडण्याचा आपला निर्णय या दृष्टीनेही योग्य आहे.